पागेतली फरशी

घोडेस्वारी शिकवणारा क्लब बंद पडला, मैदानावर इमारती उठणार हे नक्की झालं, तेव्हा चांगले घोडे ज्याने त्याने उचलून नेले. मागे उरले तीन. एक उंच म्हातारी घोडी, जिला कुणी उगाच अंगाला हात लावलेला खपत नसे म्हणून सगळे तिला बाईसाहेब म्हणायचे. दुसरा मळकट पांढरा घोडा, दिसेल त्या दारात तोंड घालणारा, तो पोस्टमन. आणि तिसरं एक बुटकं तट्टू, चिमटा. त्याला चिमटा का म्हणतात ते त्याच्याकडे पाठ करून उभं राहिलं की लगेच कळायचं. या तिघांना कुणी वाली उरला नव्हता.

ताईने उभी हयात त्या क्लबात पोरांना घोड्यावर बसायला शिकवण्यात घालवली होती. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची तिच्या आईचीसुद्धा छाती झाली नव्हती. लोकांनी तिला वेड्यात काढलं, पण ती तिघांना ट्रकमध्ये चढवून निघाली आणि वडिलांनी मागे ठेवलेल्या जागेवर येऊन राहिली.

ती जागा म्हणजे कोणे एके काळचा टपालगाड्यांचे घोडे बदलण्याचा मुक्काम. गाड्या बंद झाल्या, रस्ताही पुढे दुसरीकडून गेला आणि ती आडबाजूला पडली ती पडलीच. एक लांबलचक दगडी पागा, तिचं छप्पर मधोमध खाली बसलेलं. एक कोठार. पाणी पाजायची दगडी डोणी, एक विहीर, चार बाजूंनी ढासळलेला गडगा आणि आत माणूसभर काटेरी झुडपं. राहायला घर होतं, त्यातल्या दोन खोल्या गळत नव्हत्या. वडिलांनी ती मोठमोठे बेत करून घेतली होती आणि सगळे बेत बरोबर घेऊन गेले होते.

ताई कसल्या बेताच्या भानगडीत पडली नाही. तिने पागेच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याचा आडोसा उभा केला, खाली माती चोपली, वर गवत पसरलं. घोड्यांना काय हवं असतं? वारा अडला पाहिजे, पाय कोरडे राहिले पाहिजेत आणि शेजारी दुसरा घोडा पाहिजे. तिघंही सुखात होती. ताईही होती, निदान तिला तसं वाटायचं.

मग धाकटा आला.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. इमारतींचा कंत्राटदार. सिमेंटच्या गोण्या आणि लोखंडाच्या सळया यांच्याशी त्याचा संसार. बायकोशी जमेल तेवढा. छातीत कळ येऊन एकदा रस्त्यातच कोसळला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता पुरे. त्याने धंदा आवरला आणि थोडे दिवस हवापालट म्हणून बायकोला घेऊन ताईकडे आला. भावजय शहरात वाढलेली, नोकरीत साहेब म्हणून वावरलेली. पहिल्याच सकाळी तिचा पाय लिदीत पडला. ती तशीच एका पायावर उभी राहून म्हणाली, "वन्सं, हवा तर पालटली."

त्याच सकाळी धाकटा पागेत शिरला तो बराच वेळ बाहेर आला नाही. छातीचं दुखणं असलेला माणूस, म्हणून ताई बघायला गेली. पडक्या छपरातून ऊन खाली आलं होतं आणि त्या उजेडात तो दगडी कमानीखाली मान वर करून उभा होता.

"ताई, ही कुणी बांधली असेल गं? बघ ना, एक दगड हललेला नाही. मी आयुष्यभर काय बांधलं, त्याला आतापासूनच भेगा पडल्यात."

हा आवाज ताईने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. लहानपणी आगगाडी बघितली की त्याचा असा आवाज व्हायचा.

थोडे दिवस म्हणून आलेला माणूस हललाच नाही. आणि पुढची काही वर्षं, हे ताईला नंतर कितीही कबूल करवत नसलं तरी, तिच्या आयुष्यातली फार चांगली वर्षं होती. धाकट्याने सिमेंटचं नाव टाकलं. जुनी भिंत चुन्यातच बांधायची, म्हणून चुना भिजवायला शिकला. पहिल्या खेपेला त्याने लिंपलेला कोठाराचा गिलावा आठवड्याच्या आत पापुद्र्यासारखा गळून पडला. तो खाली पडलेल्या ढिगाकडे बघत म्हणाला, "चला, निदान पाडायची मजुरी वाचली." पुन्हा लिंपला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तो टिकला, तेव्हा त्याने बायकोला बोलावून भिंतीला कान लावायला लावलं. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

छपराची लाकडं पोस्टमनने ओढली. म्हातारा झाला होता तरी खांद्यात ताकद होती, आणि काम मिळालं की तो दारोदार तोंड घालायचं विसरायचा. ताई त्याच्या डोक्यापाशी, धाकटा मागे लाकडाच्या शेवटाशी, आणि मध्ये दोघांची आरडाओरड. "सोड!" "अगं, ओढ म्हणतोय मी!" "घोड्याला म्हणतोयस की मला?" भावजयीने काटेरी झुडपं काढून तिथे फळझाडं लावली आणि चिमट्याने ती खाल्ली की त्याला साहेबी आवाजात झापायची. दुपारी तिघं गडग्यावर बसून चहा प्यायची. बाईसाहेब जरा लांब, पण ऐकू येईल इतक्या अंतरावर उभी असायची.

कडवटपणा नेमका कुठून शिरला, हे सांगणं कठीण आहे. भिंतीत ओल शिरते तसा तो शिरला. बाहेरून काही दिसत नव्हतं.

पागा पुरी होत आली तशी माणसं बघायला येऊ लागली. आधी ओळखीची, मग अनोळखी. कुणी तरी जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेला कळवलं. त्यांचं एक माणूस येऊन गेलं, भिंतींवरून हात फिरवून गेलं, आणि जाताना धाकट्याला म्हणालं की असं काम आम्ही क्वचित पाहतो. त्या दिवसापासून धाकट्याच्या तोंडी एक शब्द बसला, 'मूळचं'. हे दार मूळचं नाही. ही खिडकी मूळची आहे. बोलणं सगळं त्याच मापाने.

एक दिवस तो पत्र्याच्या आडोशापाशी येऊन उभा राहिला.

"ताई, हा पत्रा काढू या आता. मागची भिंत पूर्ण झाकली जाते. हा काही मूळचा नाही."

"मीही इथली मूळची नाही," ताई म्हणाली.

तो हसला. तिने ते हसण्यावारी नेण्यासाठी म्हटलं नव्हतं. पण पागा तयार होती, छप्पर पक्कं होतं, घोड्यांना त्यात जागाच जागा होती, मग नाही कशाच्या जोरावर म्हणणार? आडोसा निघाला. पत्रे कुणी तरी घेऊन गेलं.

राहिली फरशी. पागेतली जमीन माती आणि जुन्या लिदीच्या थराखाली दडलेली होती. धाकट्याने ती स्वतः खणून काढली. खाली मोठमोठ्या दगडी फरशा निघाल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नालांनी घासून गुळगुळीत झालेल्या. त्याने एकेक उचलली, धुतली, खालचा थर सारखा करून पुन्हा बसवली, आणि शेवटी तिच्यावर जवसाचं तेल चोळलं. फरशी अशी काही उजळली की दारातून येणारा उजेड पार घोडा बांधायच्या शेवटच्या ठाणापर्यंत जायचा.

ताईने दारातूनच पाहिलं. "हा आरसा केलास घोड्याच्या पायाखाली. पाणी सांडलं, मुतलं, की संपलं. टाकी लावून खरखरीत करून घे हिला."

"छिन्नी मारू या दगडावर?" धाकट्याला कुणी त्याच्याच अंगावर छिन्नी मारायला सांगितल्यासारखं झालं. "इतकी वर्षं टिकलेला दगड आहे हा."

"बसवला तेव्हा खरखरीत होता. घोड्यांनी घासला."

"मग घोड्यांनीच केलाय ना! माझ्यावर कशाला?"

"मस्करी नको. बाईसाहेबचे मागचे पाय आता पूर्वीसारखे नाहीत. ती वळताना बघ जरा."

"बरं बाई, लावतो टाकी. त्या संस्थेची माणसं एकदा बघून जाऊ देत. मग लावतो. तोवर गवत टाक जाड."

ताईने गवत टाकलं. ढोपरभर टाकलं. ठाणातही आणि मधल्या वाटेवरही. घोडे आत राहायला लागले आणि काही झालं नाही. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. बाईसाहेबने कोपऱ्यातलं ठाण आपलं म्हणून ठरवलं आणि पोस्टमन तिथे डोकावला की कान मागे पाडायची. ताईलाही वाटायला लागलं की आपण जरा जास्तच ताणलं.

संस्थेची माणसं यायचा दिवस ठरला. सकाळपासून धाकटा लग्नघरातल्या बापासारखा फिरत होता. त्याने नवा सदरा घातला होता आणि दोन वेळा बदलला होता. ताई विहिरीपाशी बाईसाहेबला खरारा करत होती. तिलाही, खरं सांगायचं तर, हौस होती. तिच्या घोडीला कुणी तरी बघणार होतं. क्लब बंद पडल्यापासून बाईसाहेबकडे कुणी घोडी म्हणून पाहिलं नव्हतं. म्हातारं जनावर म्हणूनच पाहिलं होतं. ताईने तिची आयाळ विंचरली, खूर पुसले, नवी मोरकी घातली. घोडी मान उंच करून उभी राहिली, जशी पूर्वी मैदानात उभी राहायची.

पाहुणे आले. अंगणात चहा झाला. धाकट्याने त्यांना कोठार दाखवलं, विहीर दाखवली, आणि मग पागेच्या आत नेलं. फोटो काढणारा आतच कोपऱ्यात ठाण मांडून बसला. धाकट्याने हाक मारली, "ताई, आण तिला!"

ताई घोडीला घेऊन पागेच्या दाराशी आली आणि थांबली.

मधल्या वाटेवर गवत नव्हतं. सगळं झाडून एका बाजूला लोटलं होतं. फरशी मोकळी होती आणि दारातून आलेलं ऊन तिच्यावर लखलखत होतं. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. वाटेच्या टोकाशी धाकटा उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय होतं हे ताईला आयुष्यभर विसरता येणार नव्हतं. शाळेत पहिला आल्यावर तो घरी पळत आला होता तेव्हा तो चेहरा होता.

ती थांबली. श्वास घेण्याइतकी थांबली. मग तिने दोर जरा आखडता धरला आणि हलकेच म्हणाली, "चल गं."

बाईसाहेब आत आली. नालांचा आवाज कमानीखाली घुमला. कुणी तरी "वा" म्हणालं. पार कोपऱ्यातल्या ठाणापर्यंत सगळं व्यवस्थित झालं. तिथे तिला वळवायची होती. घोडी वळली, मागचा एक पाय बाहेर सरकला, तो सावरायला दुसरा टेकला, आणि तोही सरकला. इतकं मोठं जनावर खाली बसतं तेव्हा जमीन हलते. ती उठायला धडपडली. पुढचे पाय टेकवून अर्धी उठली. मागचं अंग आलंच नाही. पुन्हा धडपडली. फरशीवर नाल घासत राहिले, आणि तो आवाज ऐकून पाहुण्यांतली एक बाई तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली.

"गवत!" ताई ओरडली. "गवत टाका खाली, गवत!"

धाकट्याने दोन्ही हातांनी गवत ओढून आणलं. भावजय पोती घेऊन धावली. आता किती टाकलं तरी काय उपयोग होता!

जनावरांची डॉक्टरीण आली, तिने घोडीच्या कमरेवरून, मांडीवरून हात फिरवला, पाय जरासा हलवला. आतून हाडावर हाड घासल्याचा आवाज ताईलाही ऐकू आला. डॉक्टरणीने वर पाहिलं. "तुम्हाला मी काय सांगणार?" ती म्हणाली. ताईने मान हलवली. तिने घोडीचं डोकं मांडीवर घेतलं. एरवी अंगाला हात लावू न देणारी ती घोडी शांत पडून राहिली. इंजेक्शन दिल्यावरही बराच वेळ ताईचा हात तिच्या कपाळावर होता. पाहुणे कधी गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

धाकटा रडला. पागेबाहेर डोणीला टेकून ओक्साबोक्शी रडला. ताईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पुढे पितळेची एक पाटी आली, संस्थेकडून, उत्तम जतन केल्याबद्दल. धाकट्याने ती उघडलीसुद्धा नाही. कोठारात टाकून दिली.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येत नव्हतं. भांडण निदान संपतं. ताई त्याच्याशी बोलायची, पण कामापुरतं, आणि प्रत्येक बोलण्याच्या टोकाला एक काटा असायचा. चहा सांडला तर म्हणायची, "राहू दे, झाडायची सवय आहे ना तुला." दार उघडं राहिलं तर, "मूळचं उघडंच असेल." धाकटा गप्प ऐकून घ्यायचा. त्याला वाटायचं हे आपल्याला मिळायलाच हवं. आणि तो ऐकून घेतोय हे दिसलं की ताईचा तोल आणखीच सुटायचा. भावजय मध्ये पडायला गेली तर ताई म्हणायची, "तू नको पडूस यात. तुझी घोडी नव्हती ती."

एके दिवशी जेवताना पुन्हा तेच निघालं. कशावरून निघालं कोण जाणे.

"गवत तू झाडलंस," ताई म्हणाली. नेहमीसारखंच, भाजी वाढताना म्हणावं तसं.

धाकट्याने हातातला घास ताटात ठेवला.

"हो, मी झाडलं. मला फरशी दाखवायची होती. माझी चूक आहे, मरेपर्यंत माझीच चूक आहे. पण तू दारात थांबलीस, ताई. मी बघत होतो. तू फरशी पाहिलीस, गवत नाही हे पाहिलंस, आणि तिला आत आणलंस. मला घोड्यातलं काय कळतं? तुला कळत होतं."

भावजय म्हणाली, "अहो!"

"नाही, बोलू दे मला. मी 'आण' म्हटलं. तू 'नाही' म्हणू शकत होतीस. मला आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कुणी नाही म्हटलं असेल तर ते तू. त्या दिवशीच तेवढं 'नाही' का म्हणाली नाहीस?"

ताईच्या तोंडात मारल्यासारखं झालं. तिला सांगता आलं असतं. तुझा चेहरा बघून नाही म्हणवलं नाही रे, असं म्हणता आलं असतं. किंवा मलाही ती चारचौघांत मिरवायची होती, असं. दोन्ही खरं होतं.  ती ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने फोन केला. क्लबात तिच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आता स्वतःच घोडेस्वारी शिकवत होती, लांब, पार दुसऱ्या टोकाला. तिच्याकडे जागा होती. पोस्टमन आणि चिमटा दोघांनाही घ्यायला ती एका पायावर तयार झाली.

ट्रक आला तेव्हा धाकटा अंगणात धावत आला. "ताई, असं करू नकोस. माझ्यावरचा राग त्यांच्यावर नको काढूस."

"तुझी जागा मोकळी करून देतेय," ताई म्हणाली. "आता हवी तेवढी चकचकीत ठेव."

चिमट्याने ट्रकमध्ये चढताना कुणालाही चावलं नाही. पोस्टमन चढला आणि फळीवरून डोकं बाहेर काढून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. ताई घरात गेली. आत जाऊन ती कॉटवर बसली आणि तिला कळलं की तिने धाकट्याचं काही नेलेलं नाही. जे नेलं ते तिचंच होतं. पण ट्रक तोवर वळणापलीकडे गेला होता, आणि हाक मारून ट्रक थांबवणारी बाई ती नव्हती.

काही दिवसांनी पागेतून आवाज यायला लागला. ठक, ठक, ठक. ताईने खिडकीतून पाहिलं. धाकटा फरशीवर बसून छिन्नीने टाकी लावत होता. एकटाच. गवंड्याला बोलावलं नव्हतं. दोन दगड झाले की भिंतीला टेकून बसायचा, छातीवर हात ठेवून. मग पुन्हा सुरू.

भावजय ताईकडे आली. "वन्सं, त्यांना सांगा ना, दुसऱ्याकडून करून घ्या म्हणावं. डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला माहीत आहे. माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

"माझं कधी ऐकलंय त्याने?" ताई म्हणाली.

 "तुमच्या तोंडातून एखादा शब्द तरी सरळ निघेल का हो?" असं म्हणून भावजय निघून गेली.

तो आवाज रोज यायचा. ताईने कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. एकदा ती पागेच्या दारापर्यंत गेलीही. आत धाकटा पाठमोरा बसला होता, मानेवर दगडाची धूळ, केस पांढरे की धुळीने पांढरे ते कळत नव्हतं. 'बस कर रे' एवढे शब्द तिच्या जिभेवर आले होते. तेवढ्यात त्याची नजर वळेल असं वाटलं आणि ती मागे फिरली.

थंडी सुरू झाली तेव्हा आवाज थांबला. धाकटा तिच्या दाराशी आला.

"ताई, बघायला येतेस?"

ती गेली. फरशीवर बारीक तिरप्या रेघा होत्या, एकीला लागून एक, सगळ्या मधल्या पन्हळीकडे उतरणाऱ्या. पाणी थांबणार नव्हतं. तिने चप्पल काढली आणि टाच घासून पाहिली. दगड पायाला धरत होता. तिने ठाणाच्या तोंडाशी, जिथे घोडा वळतो तिथे, वाकून हात लावला. तिथल्या रेघा जरा जास्त खोल होत्या. तिने सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं होतं. इतकी चांगली फरशी तिने क्लबातही पाहिली नव्हती.

"चांगलं केलंस," ती म्हणाली.

धाकट्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग आणायचे का त्यांना परत? ती तुझ्या हाताखालची मुलगी देईल ना? तू मागितलेस तर?"

ताईलाही तेच हवं होतं. रोज पहाटे जाग आली की ती पोस्टमनच्या खुरांचा आवाज ऐकायला कान द्यायची. पण तो मोकळा झालेला चेहरा तिला सहन झाला नाही. म्हणजे हा फरशी ठोकून मोकळा झाला. आता घोडे परत आले की झालं, फिटलं, याने झोपावं सुखाने. आणि मी? मी काय ठोकू?

"विचारून बघते," ती म्हणाली.

तिने विचारलं नाही. फोन उचलायची, ठेवायची. धाकटा काही न विचारता रोज तिच्या तोंडाकडे बघायचा. शेवटी एका सकाळी, दूध तापवताना, पाठ वळवूनच ती म्हणाली, "नाही देत म्हणते ती. तिच्याकडे रुळलेत."

"अच्छा," धाकटा म्हणाला.  "रुळले असतील तर बरंच आहे."

त्यानंतर त्याने पागेचं नाव काढलं नाही. शिड्या, चुन्याची पिंपं, उरलेली लाकडं हळूहळू पागेत जाऊन बसली. हिवाळ्यात कपडे वाळेनात म्हणून भावजयीने एका ठाणापासून दुसऱ्या ठाणापर्यंत दोरी बांधली. कुणी पाहुणं बघायला आलं तर धाकटा कोठार दाखवायचा.

एका दुपारी भावजय तिथे कपडे वाळत घालत होती. ताई शिडी न्यायला आत आली.

"वन्सं," भावजय हातातली चादर झटकत म्हणाली, "मी परवा फोन केला होता तिकडे."

ताई जिथे होती तिथेच थांबली.

"म्हटलं, मी मागून बघते. यांना बरं वाटेल. तर ती मुलगी म्हणाली, बाईंचा फोन आलाच नाही. आला असता तर त्याच दिवशी पाठवले असते." तिने चादर दोरीवर टाकली, टोकं सारखी केली. "आता नाही देता येणार म्हणाली. तट्टू एका लहान मुलीला दिलं त्यांनी. आणि पोस्टमन गेला. पोटात कळ येऊन. पंधरवडा झाला."

ताईने हात पुढे करून शिडी धरली.

"यांना मी सांगणार नाही," भावजय म्हणाली. "तुमच्यासाठी नाही. सांगितलं तर मला रोज दोघांच्या मध्ये बसून जेवावं लागेल."

 भावजय बादलीतून पुढचा कपडा काढून पिळायला लागली. पाणी फरशीवर पडलं, रेघांमधून वाट काढत पन्हळीत गेलं. ताईने शिडी उचलली आणि ती बाहेर आली. अंगणात धाकटा गडग्याचा ढासळलेला एक भाग पुन्हा रचत होता. "जड आहे ती, थांब, मी धरतो," तो म्हणाला.

"राहू दे," ताई म्हणाली, आणि शिडी एकटीच ओढत घेऊन गेली.